कबूल केलेले हात

रविवारी सकाळी नऊ वाजता भवानीपूरच्या हॉलमध्ये तराजू आला आणि मानसी दाराशीच थबकली.

तराजू कसला, तांदळाच्या गोदामातलं जुनं धूडच ते. दोन हमालांनी आधी लाकडी तिकाटणं उभं केलं, त्याला लोखंडी दांडी अडकवली आणि दोन्ही टोकांना साखळ्यांनी पारडी टांगली. एकेका पारड्यात सहा वर्षांचं मूल मांडी घालून आरामात बसेल एवढी जागा. मराठी मंडळाचे चिटणीस श्यामकांतकाका लगेच झेंडूच्या माळा घेऊन पुढे सरसावले. समोर दिसेल त्या वस्तूला माळ बांधल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नाही. मागे मंडळाने पाण्याचा नवा फिल्टर घेतला, तर त्यालाही यांनी माळ बांधली होती.

माघी गणेश जयंती खरं तर गुरुवारीच होऊन गेली होती. पण कोलकात्यात गुरुवारी रजा टाकून कोण येणार? म्हणून मंडळाने देवाची जयंती रविवारवर ढकलली होती, आणि देवानेही इतक्या वर्षांत कधी तक्रार केली नव्हती. आजच्या कार्यक्रमात पूजा होती, मसालेभात-जिलबीचं जेवण होतं आणि त्याच्या आधी मानसीच्या मुलीची, शर्वरीची, गुळाची तुला होती.

नवस मानसीच्या सासूबाईंचा, सुनंदाबाईंचा. दुर्गापूजेचे मांडव उतरत होते त्या आठवड्यात शर्वरीला डेंग्यू झाला. प्लेटलेट अकरा हजारांवर आल्या आणि तिला हॉस्पिटलात हलवलं. त्या दिवशी सुनंदाबाईंनी घरच्या गणपतीपुढे पदर पसरला. नवसाचे शब्द त्यांनी नंतर येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा सांगितले होते की ते घरात सगळ्यांना पाठ झाले होते. "देवा, पोरीला घरी आण. माझी सून तिला स्वतःच्या हातांनी पारड्यात बसवेल, तिच्याइतका उसाचा गूळ तुला वाहील, आणि ही तूच दिलीस असं चारचौघांत सांगेल."

नवस एकीने बोलायचा आणि दुसरीने फेडायचा, ही आपल्याकडची जुनीच रीत. सुनेला विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही.

मानसीला ते शब्द म्हणता येणार नव्हते. शर्वरी आपल्याला येशूने परत दिली, अशी तिची श्रद्धा होती. गेले अडीच महिने ती दर रविवारी बालीगंजहून लोकल पकडून बजबजला जात होती, तिथल्या एका लहानशा चर्चमध्ये. हे घरात फक्त तिच्या नवऱ्याला, निखिलला ठाऊक होतं. सासूबाईंना सांगितलं होतं की ती शिकवते त्या शाळेत दहावीचे जादा वर्ग असतात. त्या बिचाऱ्या दर रविवारी सुनेला डबा भरून देत होत्या, आणि मानसी तो डबा मांडीवर घेऊन बजबज येईपर्यंत न उघडता बसे.

"दोन वाक्यं आहेत गं," निखिल तिच्या शेजारी येऊन हळूच म्हणाला. गेल्या तीन दिवसांत हे त्याचं विसावं तरी सांगणं असेल. "म्हणून टाक आणि मोकळी हो. आईचा जीव नवसात अडकलाय. तू मनात हवं ते म्हण ना! देव काय, सगळे एकच."

"एकच असेल तर त्याच्यासमोर खोटं कशाला बोलू?"

निखिलने कपाळावरून हात फिरवला. तो वाईट माणूस नव्हता. आईचं आणि बायकोचं भांडण होऊ नये एवढंच त्याला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी तो दोघींशीही थोडं थोडं खोटं बोलायला तयार होता.

"मग काय करणार आहेस?"

"माहीत नाही," मानसी म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

हॉल भरत चालला होता. बायका एकमेकींच्या पैठण्या पारखत होत्या. सॉल्ट लेकमधली नवी आयटीवाली जोडपी मागच्या रांगेत बसून फोन चाळत होती. नवीन परकर-पोलकं घातलेली शर्वरी तराजूभोवती घिरट्या घालत होती आणि प्रत्येकाला विचारत होती, "मी वजन होणार, मग गूळ कोण खाणार?" कोलकात्यात वाढलेल्या मुलांचं मराठी असंच, जरा लंगडत चालणारं. त्या गालांकडे, भरलेल्या दंडांकडे मानसी बघत राहिली. ऑक्टोबरात याच दंडावर सुया टोचायला जागा उरली नव्हती.

तिला हॉस्पिटलची ती दुपार आठवली. आजाऱ्याजवळ बसायला तिथे बाई ठेवतात, तिला इकडे आयामाशी म्हणतात. शर्वरीला मिळालेली आयामाशी म्हणजे बजबजची शेफाली मंडल, पन्नाशीची, काळीसावळी, कमी बोलणारी. त्या दुपारी डॉक्टर येऊन गेले आणि 'वाट पाहू' एवढंच म्हणाले. मानसी पलंगाच्या दांड्याला धरून उभी होती. पायथ्याशी बसलेल्या शेफालीमाशीचे ओठ हलताना तिला दिसले.

"कोणाशी बोलतेस?" तिने विचारलं.

"यीशूशी," माशी म्हणाली, जसं काही शेजारच्या खोलीतल्या माणसाबद्दल सांगावं. "तुमच्या मुलीचं नाव सांगत होते. राग आला का, बौमा?" बंगालीत सूनबाईला बौमा म्हणतात.

"माझ्या वतीनेही सांग."

"तुम्हीच सांगा ना. तुमची मुलगी आहे. ऐकतो तो."

मग मानसीने सांगितलं. तिथेच, उभ्या उभ्या, मराठीत, मनातल्या मनात. तिने काही कबूल केलं नाही, काही देऊ केलं नाही. देण्यासारखं तिच्याजवळ काही आहे हे सुचायलाही तिला त्या वेळी भान नव्हतं. वाचव, एवढाच शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दुसऱ्या सकाळी प्लेटलेट वाढल्या नव्हत्या, उलट नऊ हजारांवर आल्या होत्या. पण मानसीच्या आत काहीतरी घट्ट धरलेलं सुटलं होतं. कोणीतरी जवळ उभं आहे अशी खात्री तिला वाटत होती, आणि ती खात्री आकड्यांवर अवलंबून नव्हती. आकडे दोन दिवसांनी वाढले.

कालच शाळेतून परतताना तिने माशीला फोन केला होता. "मी काय करू?" म्हणून. तिला वाटलं होतं, माशी म्हणेल, ठाम उभी राहा. माशी म्हणाली, "मी काय सांगणार, बौमा? घर तुमचं आहे, सासू तुमची आहे. तिला दुखवून आमच्या चर्चचं काही वाढणार नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "एवढंच कळतं मला, खोटं बोलून आभार मानता येत नाहीत."

"अहो श्यामकांत, हे काय आणलंत?"

सासूबाईंचा आवाज ऐकून मानसी दचकली. सुनंदाबाई तराजूपाशी उभ्या होत्या. समोर उघडलेल्या टोपलीत गडद तपकिरी रंगाच्या गोल वड्या रचलेल्या होत्या, आणि हॉलभर धुरकट गोड वास सुटला होता.

"गूळ आणलाय, वहिनी. पाटाली. एक नंबर माल आहे, थेट गावाकडून मागवला."

"हा खजुराचा गूळ आहे! म्हणजे शिंदीच्या झाडाचा. ज्या झाडाची माणसं शिंदी पितात, त्याचा गूळ तुम्ही गणपतीला वाहायला आणलात?"

श्यामकांतकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. काका जन्मले कोलकात्याच्या बागबाजारात, वाढले तिथेच. थंडीत गूळ म्हणजे पाटाली, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. नवसाच्या गुळाला वेगळं झाड लागतं हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. "इथे तर देवीच्या पायेसात, खिरीतसुद्धा हाच घालतात, वहिनी," असं ते पुटपुटले. पण सुनंदाबाईंचा चेहरा पाहून पुढचं त्यांनी गिळलं.

"मी उसाचा कबूल केलाय. शब्द म्हणजे शब्द."

निखिल झटकन पुढे झाला. "मग आज राहू दे ना, आई! पुढच्या चतुर्थीला करू. व्यवस्थित, कोल्हापूरहून गूळ मागवून." बोलता बोलता त्याने मानसीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत सुटका झाल्याचा आनंद मावत नव्हता.

मानसीच्या मनातही तोच आनंद उसळला, हे कबूल करायला हवं. एक महिना! महिन्याभरात काहीही होऊ शकतं. सासूबाईंना सावकाश, घरात, नीट समजावता येईल. देवानेच वाट काढली, असंही तिला क्षणभर वाटून गेलं. माणसाला पळायचं असलं की त्याला सगळीकडे देवाचाच हात दिसतो.

पण सुनंदाबाईंनी निखिलचा दंड धरला. "नाही," त्या म्हणाल्या. "आजच." त्यांचा आवाज चिरकला आणि आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. श्यामकांतकाकांनी हात जोडले, जदुबाबूच्या बाजारात उसाचा गूळ नक्की मिळतो म्हणाले, आणि स्कूटरवर बसून पसार झाले. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि तोवर अथर्वशीर्षाची आवर्तनं करू, असं जाहीर केलं.

सुनंदाबाई हॉलमागच्या स्वयंपाकघरात गेल्या. मानसी त्यांच्यामागून गेली. आचारी बाहेर मांडवात होते, आत कोणी नव्हतं. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"आई, पाणी देऊ?"

"नको." मग एकदम म्हणाल्या, "तुला काय वाटतं गं, मला हौस आहे का तमाशाची? तीन-साडेतीन महिने झाले, मी रोज पहाटे उठून तिच्या कपाळाला हात लावते. गरम लागलं की माझी पाचावर धारण बसते. परवा शिंकली नुसती, तर मी देवापुढे जाऊन बसले. म्हटलं, बाबा रे, विसरले नाहीये, माघात फेडते, तोवर थांब. नवस राहिला तर दिलेलं परत नेतो तो. माझ्या आईने सांगितलंय मला. माझा धाकटा भाऊ…" त्यांनी पदराने तोंड दाबलं.

त्या भावाची गोष्ट मानसीने कधी ऐकली नव्हती. गेली नऊ वर्षं ती या बाईच्या घरात राहत होती. सासूबाई कडक आहेत, देवभोळ्या आहेत, व्यवहाराला चोख आहेत, एवढंच तिला माहीत होतं. पहाटेच्या त्या हाताची तिला कल्पनाही नव्हती. आणि ती त्यांना डबा भरायला लावून खोटं बोलून निघून जात होती. मानसीला स्वतःची शरम वाटली.

"आई, तो परत नाही नेणार तिला," ती म्हणाली.

"तुला गं काय माहीत?"

"मला माहीत आहे." आता थांबलं तर पुन्हा कधी बोलणं होणार नाही, हे तिला कळत होतं. "मी येशूकडे मागितलं होतं. हॉस्पिटलमध्ये. त्याने ती दिली, असं मी मानते. रविवारी माझे जादा वर्ग नसतात. मी बजबजला चर्चमध्ये जाते. मी तुमच्याशी खोटं बोलले, त्याबद्दल मला माफ करा. पण आज बाहेर सगळ्यांसमोर जे सांगायचं आहे, ते मला सांगता येणार नाही."

बाहेर आवर्तन चालू होतं. सुनंदाबाई ओट्यापासून बाजूला झाल्या.

"आणि माझा देव?" त्या म्हणाल्या. "मी पदर पसरला तो कोणापुढे? तो काय झोपला होता?"

चर्चमध्ये ऐकलेलं काहीबाही तिच्या ओठांवर आलं, पण या चेहऱ्यासमोर ते बोलण्याची तिला हिंमत झाली नाही. "तुमच्या पदराबद्दल मी काही बोलू शकत नाही, आई," ती म्हणाली. "मी माझ्यापुरतं सांगते. मी हाक मारली आणि मला तो जवळ आलेला कळला."

"पोरीलाही नेतेस तिकडे?"

"नाही."

"निखिलला माहीत आहे?"

मानसीने नजर दुसरीकडे वळवली. सुनंदाबाईंना कळायचं ते कळलं. त्यांनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि त्या बाहेर गेल्या. एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मानसीला वाटलं.

पाऊण तासाने गूळ आला. पिवळ्या ढेपा एका पारड्याशेजारी रचल्या गेल्या. दीडएकशे माणसं तराजूभोवती गोळा झाली. मानसी पुढे जाऊन उभी राहिली. मागे राहून लपायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. त्यापुढचं काहीच ठरलं नव्हतं.

"मुलीची आई पुढे येऊ दे," गुरुजी म्हणाले. श्यामकांतकाकांनी मानसीच्या हातात माइक दिला. मघाच्या फजितीची भरपाई म्हणून ते जास्तच उत्साहात होते. "बोला, वहिनी! दोन शब्द!"

"थांबा," सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. "तिला सकाळपासून चक्कर येतेय. बोलवणार नाही तिच्याने. ती नुसती उभी राहील. मीच करते सगळं."

निखिलने सुटकेचा श्वास सोडला, तो मानसीला ऐकू आला. बायकांनी 'अगंबाई' केलं. कोणीतरी खुर्ची सरकवली. सगळं कसं सोपं झालं होतं. बसायचं फक्त.

मानसी मात्र सासूबाईंच्या हातांकडे बघत होती. त्या हातांनी पदराचं टोक घट्ट पिळून धरलं होतं. आपण काय करतोय हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. सुनेचे हात कबूल केले होते, सुनेचे शब्द कबूल केले होते, आणि शब्द म्हणजे शब्द असं तासाभरापूर्वीच त्यांनी सांगितलं होतं. आता त्या स्वतःचाच नवस मोडत होत्या, देवाच्या तोंडावर, नातीच्या जिवाला भीत भीत. कशासाठी, तर सुनेची चारचौघांत अब्रू जाऊ नये म्हणून. ज्या सुनेने त्यांना अडीच महिने फसवलं होतं, तिच्यासाठी. हे पांघरूण मानसीला अंगावर घेववेना.

"मला चक्कर येत नाहीये," ती माइकमध्ये म्हणाली. आवाज फारच मोठा आला, म्हणून तिने माइक खाली घेतला. "आई मला सांभाळून घेताहेत. ही माझी मुलगी जगेल असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मी येशूकडे तिला मागितलं आणि त्याने ती मला दिली. मी त्याचे आभार मानते. हे मला कधीतरी मोठ्याने म्हणायचं होतं. नवस आईंचा आहे, त्यांच्या श्रद्धेचा आहे, आणि त्यांच्या प्रेमाबद्दल मला कणभरही शंका नाही. पण मी दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं तर ते खोटं होईल."

मग मागून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. एक बाई नातवाला उचलून दाराकडे निघाली. निखिल जमिनीकडे बघत होता.

"म्हणजे आम्ही रक्त दिलं ते काही नाही?" दिगंबर ओरडला. मंडळातल्या चार जणांनी शर्वरीसाठी रक्त दिलं होतं, त्यांतला तो पहिला. "सुट्टी टाकून रांगेत उभे होतो आम्ही! आणि हे असं? गणपतीच्या पुढ्यात उभं राहून?"

"तुम्ही आलात, तेही त्यानेच पाठवलं म्हणून, असं मी मानते, दिगंबरभाऊ," मानसी म्हणाली. "तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तुम्हाला राग येणं बरोबर आहे."

"मंडळाच्या कार्यक्रमात हे चालायचं नाही!" आणखी कोणीतरी ओरडलं. दोघंतिघं एकदम बोलायला लागले. श्यामकांतकाका मधे हात हलवत उभे होते आणि त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. शर्वरी रडवेली होऊन आजीला बिलगली. "आज्जी, सगळे माझ्यावर का राग करतात?"

त्या एका वाक्याने सुनंदाबाई हलल्या. त्यांनी नातीला कडेवर घेतलं. एकोणीस किलोची मुलगी, सासष्ट वर्षांची बाई, पण घेतलं.

"गप्प बसा सगळे," त्या म्हणाल्या. माइकची त्यांना गरज नव्हती. चाळीस वर्षं बालीगंजच्या शाळेत गणित शिकवलेला आवाज होता तो. "माझ्या घरातलं मी बघेन. तुम्ही आलात, गूळ घ्या, जेवा. उगाच पोरीला रडवू नका."

मग त्या मूर्तीकडे वळल्या. त्या देवाशी बोलत होत्या, पण सगळ्यांना ऐकू येत होतं. "देवा, मी तुला सुनेचे हात कबूल केले होते. तिला विचारलंही नव्हतं. ते हात माझे नव्हते कबूल करायला. माझे घे."

त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हातारे होते, त्यांनी पुष्कळ घरं पाहिली होती. "चालतं," ते म्हणाले. "बोलणाऱ्याचेच हात खरे."

सुनंदाबाईंनी शर्वरीला पारड्यात बसवलं. पारडं खाली गेलं तशी शर्वरी रडता रडता हसली आणि तिने साखळ्या घट्ट धरल्या. दुसऱ्या पारड्यात एकेक ढेप चढू लागली. मानसी हात जोडून एका बाजूला उभी होती. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं आणि तिच्याकडे बघायचं सगळे टाळत होते. तिला रडू येत होतं, पण मनावरचं अडीच महिन्यांचं दडपण गेलं होतं. दांडी सरळ झाली. सुनंदाबाईंनी वरून आणखी एक खडा ठेवला, शंकेला जागा नको म्हणून.

पंगत बसली तेव्हा मानसी बाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. बायका तिच्यासमोरून जाताना आवाज खाली घेत होत्या. निखिल एकदा दारात येऊन गेला. त्याने तिला पाण्याची बाटली दिली आणि तो परत वाढायला गेला. संध्याकाळपर्यंत ही बातमी पुण्या-नाशकापर्यंत पोचणार, तिच्या माहेरी फोन जाणार, हे तिला दिसत होतं.

थोड्या वेळाने सुनंदाबाई बाहेर आल्या. त्या बसल्या नाहीत.

"माझं फिटलं," त्या म्हणाल्या. "तुझं कधी फिटायचं?"

"माझं फिटायचं नाही, आई. त्याने काही मागितलंच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग एवढा गोंधळ कशाला घातलास? कोणी मागितलं नाही, कोणाला कबूल केलं नाही, आणि चारचौघांत स्वतःची शोभा करून घेतलीस!"

"राहवलं नाही. आभार मानायचेच होते."

सुनंदाबाई हुं म्हणाल्या. रस्त्यावरून ट्रामच्या जुन्या रुळांवर आपटत एक बस गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत त्या तिकडे बघत होत्या. "घरात मला ते चालायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते. पोरीला मला विचारल्याशिवाय कुठे न्यायचं नाही. आणि खोटं बोलून माझ्या हातचा डबा न्यायचा नाही."

"नाही नेणार."

आता त्या आत जातील असं मानसीला वाटलं. पण त्या तिथेच उभ्या राहिल्या, कठड्याला धरून.

"नऊ हजार झाल्या होत्या ना त्या सकाळी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "निखिलने फोनवर सांगितलं मला. तू काही कबूल केलं नव्हतंस. हातात काही नाही, देण्यासारखं काही नाही. भीती नाही वाटली तुला?"

"वाटली. पण तिथे मी एकटी नव्हते."

सुनंदाबाईंनी मान खाली घातली. त्यांच्या बोटांना अजून गूळ चिकटलेला होता, तो त्या पदराने पुसत राहिल्या.

"मी एकटीच होते गं," त्या म्हणाल्या.

मानसी बाकावर सरकली. सुनंदाबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग येऊन तिच्या शेजारी बसल्या.